माफी तेवढी माझी मागा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. कुरकुरते, पण तो स्वभाव नव्हे, वय आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका सुतारानं मला मेपलच्या लाकडातून घडवलं. तिथल्याच विमानतळाच्या उपाहारगृहात होते, तेव्हा "काय ऐसपैस खुर्ची आहे!" म्हणून लोक कौतुक करत. पुढे एक पाय अधू झाला आणि माझी रवानगी चौकशीच्या खोलीत झाली. अमेरिकेला निघालेल्यांची तपासणी इथेच, कॅनडाच्या जमिनीवर होते. प्रश्न अमेरिकी अधिकारी विचारतात, पण कायदा इथला पाळावा लागतो.

इथल्या माणसांना सॉरी म्हणायची भारी खोड. चुकून धक्का लागला तर मलासुद्धा म्हणतात.

एका सकाळी डोरीन कोझाक माझ्यावर येऊन बसली. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना ती आसरा मिळवून देते. अमेरिकेत मिनियापोलिसला तिच्या लाडक्या भाचीचं लग्न होतं. मांडीवर लग्नासाठी केलेल्या खसखशीच्या गोड रोलचा डबा होता.

"मॅडम, फोन उघडून द्या," अधिकारी म्हणाला.

"सॉरी, त्यात आमच्या आसऱ्याला आलेल्या बायकांचे पत्ते आहेत."

"सॉरी कशाबद्दल? काही केलंय का तुम्ही?"

"छे हो! सॉरी... म्हणजे, आमच्याकडे असंच बोलतात."

"काही केलं नाही, तर घाबरताय कशाला?"

फोन द्यावा तर पत्ते परक्या हाती, न द्यावा तर लग्न हुकणार. मला ओरडावंसं वाटलं, अगं, ऊठ! इथून मागे फिरता येतं!

ती ताठ बसली. "मला अमेरिकेला जायचंच नाही. मी परत जाते. कायद्यानं जाता येतं मला."

"कारण?"

"फोन दाखवायचा नाही, हेच कारण."

त्यानं पासपोर्ट पुन्हा ताडून पाहिला. "भाचीचं लग्न बुडेल हं तुमचं."

"बुडू दे. भाची रुसेल, पण समजून घेईल. त्या बायकांचे पत्ते नवऱ्यांना कळले, तर ते नाही समजून घेणार."

त्यानं दार उघडलं. उठताना तिचा गुडघा माझ्या अधू पायावर आपटला.

"सॉरी हं," ती मला म्हणाली. त्याला नाही म्हणाली.

मित्रांनो, माझा पाय कुणी दुरुस्त केला तर बरंच होईल. तुम्ही कधी माझ्यावर बसलात, तर आदबीनं बोला आणि खरं बोला. खोटं बोललात तर मी काही वाचवणार नाही. पण पुढे जायचं नसेल तर सरळ उठा. हक्क बजावताना माफी मागायची नसते. धक्का लागला तर माझी मागा, तेवढी पुरे.