मोहरीएवढ्या गोळ्या

जावई वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसावर खुशाल ओरडता येतं. मास्तरांचा जावई सोन्यासारखा होता, आणि त्या सोन्यासारख्या माणसानं रविवारी सकाळी टेबलावरचं फडकं जादूगारासारखं ओढलं.

"बाबा, सरप्राइज!"

फडक्याखाली बगी उभी होती. मातीत उड्या मारत धावणारी, रिमोटवर चालणारी शर्यतीची छोटी गाडी. खरबरीत टायर, लांब स्प्रिंगा, वर निळा रंग मारलेलं पातळ कवच. पूर्ण जोडलेली. शेवटच्या स्क्रूपर्यंत.

"वा," मास्तर म्हणाले. "वा, वा."

दुसरं काय म्हणणार? जावयाला कोणी 'गाढवा' म्हणतं का? तोंडाशी आलेला तो शब्द त्यांनी चहाबरोबर गिळला, आणि घाईत तोंड पोळलं ते वेगळंच.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आयती गाडी मिळाली, आणखी काय हवं? अहो, आयती हवी असती तर दुकानात ढीगभर होत्या! मास्तरांनी किट मागवलं होतं. किट म्हणजे नुसते सुटे भाग. एकेक पिशवी फोडायची, चित्र बघायचं, चुकायचं, उसकटायचं, पुन्हा जोडायचं. मैदानावर काय, बघता बघता बॅटरी संपते. खरी मजा टेबलावर असते.

आणि ते किट निवडायला मास्तरांनी अख्खा उन्हाळा दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. चारही चाकांना ताकद देणारी घ्यावी की फक्त मागच्या दोन? चारवाली सरळ पळते, कोणालाही चालवता येते. "मग मला कशाला?" म्हणून त्यांनी दोनवाली ठरवली. मग निघाला डिफरन्शिअलचा प्रश्न. वळताना दोन्ही चाकं आपापल्या वेगानं फिरावीत म्हणून मधे बसवतात तो भाग. त्याचा एक प्रकार साध्या गिअरचा, दुसरा गोळ्यांचा. दुसऱ्यात मोहरीएवढ्या पोलादी गोळ्या एकेक करून चकतीच्या भोकांत बसवाव्या लागतात.

"मास्तर, गिअरचा घ्या. तुमच्या हाताला त्रास होईल," दुकानदार म्हणाला.

"गोळ्यांचाच द्या," मास्तर म्हणाले.

सगळं त्या हातासाठीच तर होतं. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र थरथरत राहिला. याच हातानं त्यांनी जन्मभर फळ्यावर कंपासाशिवाय वर्तुळ काढलं होतं, असं की मागच्या बाकावरची टारगट कार्टीसुद्धा गप्प व्हायची. आता त्यांच्या शर्टाची बटणं मास्तरीणबाई लावायच्या. मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं, त्या गोळ्या बसल्या तर हात माझा. नाही बसल्या तर नाही. कोणाला बोलले नव्हते. बोलायची गोष्ट आहे का ती?

किट आल्याचा फोन आला, दुकान जावयाच्या वाटेवर. "मी आणतो, बाबा." आणलं खरं, पण स्वतःच्या घरी. आणि बसून जोडलं. रजा काढून! सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

तो निघून गेल्यावर मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं. कपाटाचं दार का करकरतं, पंखा का धूळ खातो, शेजाऱ्याचं कुत्रं काय म्हणून भुंकतं. सगळ्यांची हजेरी झाली.

"एवढ्या मायेनं केलंय त्यांनी," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तोंड का वाकडं करता?"

"मी कुठे तोंड वाकडं केलं? वा वा म्हणालो ना? आता काय, मिरवणूक काढू त्यांची?"

पुढच्या रविवारी जावई आणि लेक त्यांना मैदानावर न्यायला आले, तेव्हा टेबलावर बगी नव्हतीच. डब्यांच्या झाकणांत स्क्रू होते, वाट्यांत गिअर होते, आणि मास्तरांपुढच्या बशीत त्या गोळ्या चमकत होत्या. आठवडाभरात त्यांनी ती सगळी उसकटली होती. उसकटणं थरथरत्या हातालाही जमतं.

"अरेरे, मोडली?" जावई लगबगीनं पुढे आला. खुर्ची ओढली, बशी स्वतःकडे घेतली. "थांबा बाबा, मी देतो करून. या गोळ्यांनी माझ्याच नाकी नऊ आणले होते. आई म्हणाल्या ना, तुम्हाला शर्टाची बटणंसुद्धा लावता येत नाहीत, म्हणून तर मी..."

दारात मास्तरीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"बशी खाली ठेव," मास्तर म्हणाले. 'ठेवा' नाही. लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"बाबा, मला वाटलं..."

"तुला वाटलं! मला विचारलंस? मी पोहायला शिकत असलो तर माझ्या वाटचं पोहून येशील तू? आणि वर म्हणशील, सरप्राइज? अरे, तुमच्या या चांगुलपणानं जीव नकोसा केलाय माझा! सगळे मिळून मलाच त्या टेबलावर बसवा आणि वर फडकं टाका, म्हणजे सुटलात! नाही जमणार मला? बरं, नाही जमणार. पण ते मला कळू द्या की! परीक्षेला बसण्याआधीच मला नापास करणारे तुम्ही कोण रे?"

जावई दचकला, बशी कलंडली, आणि एक गोळी टणटणत कपाटाखाली गेली. तिघंही एकदम वाकली.

"कोणी हलायचं नाही!"

मास्तर स्वतः खाली बसले. गुडघे कडकड वाजले. कपाटाखाली हात घालून चाचपत राहिले, घामाघूम झाले, आणि अखेर धुळीनं माखलेली गोळी बोटावर चिकटवून उठले. कोणाच्या आधाराशिवाय. ती पुसली. चकतीच्या भोकांत ग्रीस भरलं. चिमट्यानं गोळी उचलली.

निसटली.

जावयाचा हात आपसूक पुढे आला. मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, जसं मागच्या बाकाकडे बघायचे.

"हाताची घडी," ते म्हणाले. "तोंडावर बोट."

जावयानं मुकाट्यानं हाताची घडी घातली, बोट ओठांवर ठेवलं. शेजारी लेकीनं ठेवलं. दारात मास्तरीणबाईंनीही ठेवलं.

चिमटा थरथरत भोकाभोवती फिरला. गोळी निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. मास्तर दातओठ खात होते. मग ती ग्रीसमध्ये रुतली आणि तिथेच राहिली.

"एक," मास्तर रागानंच म्हणाले, आणि त्यांनी दुसरी उचलली.