डाव्या दाढेची जागा

हे, म्हणजे माझे यजमान, वारले. त्यांच्या चौदाव्याला बुंदीचा लाडू चावताना माझी खालची डावी दाढ पडली आणि संध्याकाळी हे त्या जागेत राहायला आले. खुर्ची आणली, रेडिओ आणला, पेपर सुरू केला. मी आपली जिभेनं जागा झाडून द्यायची आणि चहा त्या बाजूनं प्यायची. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण जागा वाढत गेली. आधी खुर्चीपुरती होती, दिवाळीपर्यंत आत पलंग मावला. चावताना जबडा करकरायला लागला. माझ्या गालातून बातम्या ऐकू येतात म्हणून वृंदा, माझी मुलगी, मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉ. कुलथ्यांनी एक्सरे उजेडाला धरला. हाड झिजलंय म्हणाले, आणखी झिजलं तर जबडा मोडेल. हाडात स्क्रू घालून पक्का दात बसवू. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"आत कोणीतरी बसलंय. असतात असे. आधी त्यांना बाहेर बोलवा, नाहीतर ते आतच राहतील."

वृंदानं "बाबा" म्हणून पाहिलं. तसं चालत नाही, डॉक्टर म्हणाले. ज्याचं तोंड त्यानंच हाक मारायची, आणि तीही नावानं.

आली का पंचाईत! एक्केचाळीस वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्याची वेळ आली आणि नेमके मांडवातले लाइट गेले. "लाइट गेले का गं?" हे अंधारात म्हणाले. ते त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. त्या गडबडीत उखाणा राहिला तो राहिलाच. पुढे सगळं 'अहो'वर भागलं.

आणि आता समोर डॉक्टर, नर्स, सगळी परकी माणसं. मला लाज वाटली. म्हटलं, जरा थांबा, तोवर तुमचं ते बधिर करायचं इंजेक्शन देऊन घ्या.

पाच मिनिटांनी मनाची तयारी झाली. पण नावाचं पहिलं अक्षर ओठाला ओठ लागल्याशिवाय निघत नाही, आणि खालचा ओठ माझा राहिलाच नव्हता. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. मला रडू यायला लागलं. हे माझ्यामुळे आत अडकणार, ह्या भीतीनं मी सगळा जोर लावला आणि तोंडातून निघालं ते "अहो!"

"आलो गं," आतून हे म्हणाले. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. खुर्ची काही हलली नाही. जन्मभर हे असेच यायचे.

डॉक्टरांनीही ऐकलं. येतायत म्हणे, असं नर्सला सांगून त्यांनी मशीन सुरू केलं. मी हात वर केला. वृंदानं तो धीर द्यायला धरून ठेवला. स्क्रू आटे घेत खाली गेला, त्यावर दात बसला. छान बसला. डॉक्टरांनी मला चावून दाखवायला सांगितलं.

मी तोंड मिटलं.

"लाइट गेले का गं?" ह्यांनी विचारलं.