मला तळची म्हणून आणलं

मी बोलतेय, साकोलीच्या भूपेशच्या घरातली, तीन फुटी टाकीतली पट्टेवाली मासोळी. घरी येणारे पाहुणे मला 'ती भांडकुदळ' म्हणतात. चहाचा कप हातात धरून काचेला नाक लावतात आणि विचारतात, हीच का ती, सगळ्यांना चावणारी? हो, हीच ती. आता जरा बसा आणि माझंही ऐकून घ्या. गेले सहा महिने माझ्याविषयी सगळे बोलले, मला मात्र कोणी काही विचारलं नाही.

माझा जन्म कुठल्या नदीत-बिदीत झाला नाही. नागपूरकडच्या एका शेडमध्ये, सिमेंटच्या हौदात झाला. आमचे पूर्वज सातासमुद्रापलीकडच्या ओढ्यांमधले, असं दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा. अंगावर काळे-पांढरे पट्टे, पोटावर नारिंगी झाक, आणि लांबी तुमच्या बोटाएवढी. आमच्या कुळाला सिक्लिड म्हणतात. मोठं कुळ आहे. काही थाळीसारखे गोल, काही हळदीसारखे पिवळे, काही ऑस्करसारखे, हातभर वाढणारे आणि लहान मासे गिळणारे. प्रत्येकाचं पाणी वेगळं आणि स्वभाव वेगळा. पण आपल्यापुरता तळाचा एक तुकडा राखायचा, ही सवय जवळजवळ सगळ्यांना.

एके दिवशी भूपेश आणि त्याची बायको प्रतिक्षा नागपूरला आमच्या दुकानदाराकडे आले. साकोलीत हायवेला भूपेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, पण घर मूळचं एकोडीचं, तळ्यावर मासेमारी करणाऱ्यांचं. नवी टाकी घेतली होती, ती भरायची होती.

दुकानदाराने काय विचारावं? टाकी किती फुटाची, पाणी बोअरचं की नळाचं, आधी आत कोण आहे, असं काही? नाही. त्याने विचारलं, "रंग कोनता पाहिजे?"

साडीच्या दुकानात विचारतात तसं. आणि हे दोघंही साडी निवडल्यासारखेच बोट दाखवू लागले.

तरी प्रतिक्षाने हळूच म्हटलं, "हे सगळे एकात राह्यतील ना?"

तेव्हा भूपेशने छाती पुढे काढली. "आमच्या सात पिढ्या मासोळीत गेल्या, तू मले नोको सांगू. बोडीत कसं, कतला वर राह्यते, रोहू मधात, मृगल तळाले. तीन मजले भरले का कोनी कोनाच्या आड येत नाही."

बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं त्यांच्याकडचं छोटं तळं. तिथला हिशोब त्याने या काचेच्या पेटीला लावला. वरच्या मजल्याला चार एंजल घेतले, थाळीसारखे चपटे, लांब शेपट्यांचे. मधल्याला दोन पिवळे. आणि तळाला आम्ही दोघं, मी आणि एक पट्टेवाला नर. मला कोणी सुंदर म्हणून घेतलं नाही, स्वस्त म्हणूनही नाही. तळची म्हणून घेतलं.

दुकानदार पिशवीला रबर लावत म्हणाला, "सगळे एकाच खानदानचे आहेत भाऊ, जमून जाते."

माझा अजून संताप होतो या वाक्याचा. एका खानदानचे म्हणून जमतं? शेतीच्या गावात वाढलेल्या माणसाने हे मुकाट्याने ऐकून घ्यावं? धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणारे काय परक्या खानदानचे असतात? सख्खे भाऊच असतात ना? मग आम्हीच तेवढे शहाणे निघावं, हा कुठला न्याय?

टाकीत आल्यावर दोन-चार दिवस सगळे बावरलेले होते. भूपेश दिवाणावर बसून लोकांना तीन मजले दाखवायचा. मग अन्न तळाला बसू लागलं तसे एंजल खाली उतरले. पिवळ्या जोडीला माझाच कोपरा आवडला. मजले माणसांच्या डोक्यात असतात, पाण्यात काही जिने नसतात. त्यात पिवळ्यांना जड, खारवट पाणी लागतं आणि एंजलना मऊ. दोघांनाही नीट मानवत नव्हतं, म्हणून दोघंही चिडचिडे झाले होते. आणि टाकीत लपायला सपाट दगड होता एकच.

त्या दगडाच्या आडोशाला, दगडालाच चिकटवून, मी अंडी घातली. पहिलीच वेळ होती माझी. नर बाहेर पहारा देत होता, मी पंखांनी अंड्यांवर पाणी घालत होते. पाणी हलतं ठेवलं नाही तर अंडी पांढरी पडतात, बुरशी धरतात. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण कळत होतं.

एंजल आले ते अंडी खायला आले. त्यांनाही मी दोष देत नाही, तोंडासमोर वाढलेलं ताट कोण सोडतं? पण मग मी काय करायचं होतं? बाजूला सरून 'या, बसा' म्हणायचं होतं? मी चावले. नरही चावला. एकाची शेपटी फाटली, दुसरा सकाळी उलटा तरंगत होता.

भूपेशने दुकानदाराला फोन लावला. तिकडून सल्ला आला की दगड काढा, जागा बदला, भांडण मिटते. भूपेशने बाही वर केली, हात आत घातला आणि दगड उचलला. मी त्याच्या बोटाला लटकले होते, एवढं लक्षात आहे. प्रतिक्षा म्हणाली, "अहो, त्याले काही चिकटून आहे, पाहा ना." तो म्हणाला, "शेवाळ असन."

आणि त्याने तो दगड मोरीत नेला. भांडी घासायच्या घासणीने घासला. नळाखाली धुतला आणि चकचकीत करून पुन्हा आत ठेवला, उलटा.

हे मी विसरणार नाही. तुम्ही म्हणाल, त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तर आणलं कशाला? मोबाईलचा एक स्क्रू काढायच्या आधी हाच माणूस चार वेळा भिंगातून बघतो. आम्हाला मात्र रंग बघून उचलायचं, पिशवीत भरायचं, कोणाशेजारी कोण नांदेल याचा विचार करायचा नाही, आणि शेवटी आम्हालाच खुनी म्हणायचं. बायाबाप्यांनो, आमच्यापैकी कोणाला घरी न्यायचं असेल तर आधी आम्ही कोण, ते तरी विचारा.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरतात त्या दिवसांत भूपेशची आई जमुनाबाई एकोडीहून आली. तिच्या हयातीतल्या सगळ्या सकाळी तळ्यावर गेलेल्या. मी तेव्हा दुसऱ्यांदा अंड्यांवर होते आणि जवळ येईल त्याला हाकलत होते. भूपेश म्हणाला, "पाय ना माय, कशी माजली आहे. हिले काढूनच टाकतो उद्या."

जमुनाबाई खाली बसली. तिने काचेला नाक लावलं नाही, टकटक केलं नाही. बराच वेळ नुसती बघत राहिली.

"हे अंड्यावर आहे," ती म्हणाली. "पिलावरची मरळ पायली नाहीस का तू? लाल पिलायचा घोळका वर अन् खाली मरळ. त्यात पाय टाकला का फाडते. आपन तिले माजली म्हनतो का?"

"पन माय, मी तर हिसोबानं टाकले. वर, मधात, तळाले."

"बोडीत तुह्या रोहूनं कधी अंडे देल्ले का?"

भूपेशने नकारार्थी मान हलवली.

"मासोळीचं बी तर आपन विकत आनतो, सोडतो, वाढले का जाळ्यात धरतो. त्यायचा संसार बोडीत नसतेच, मंग भांडतील कायले? हे पाळनारी जात आहे, बाबू. पाळनाऱ्याले घर लागते. तुह्या या डब्यात एकच घर मावते."

पोटातलं बोलली ती माझ्या. भूपेशने मग इतकंच विचारलं, "म्हंजे त्या दगडाले शेवाळ नोहतं?" प्रतिक्षा आत निघून गेली. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. बसू दे, म्हटलं. चांगलं बसू दे.

दुसऱ्या दिवशी पिवळे नागपूरला परत गेले. उरलेल्या तीन एंजलना भूपेशने आपल्या मोबाईलच्या दुकानात वेगळी उंच टाकी केली. आमच्याकडे आम्ही दोघंच राहिलो. माझी अंडी फुटली, पोरं आधी वाळूतल्या खड्ड्यात वळवळली आणि मग पोहू लागली. आता ती कणीएवढी झाली आहेत. आम्ही तळाची वाळू उडवतो आणि ती मागून टिपत येतात. टाकीत आता कोणी कोणाला चावत नाही. हेच आधी करता आलं नसतं का?

पण माणसाला एकदा चुकून भागत नाही. आज रविवार. भूपेशचा मित्र योगेंद्र पिशवी घेऊन आला. त्याला डझनभर पोरं द्यायचं भूपेशने कबूल केलं होतं. चहाच्या गाळणीने भूपेशने माझी पोरं उपसली आणि पिशवीत सोडली. मी गाळणीवर धडका देत होते आणि योगेंद्र हसत होता.

अजून मुक्कामाला असलेली जमुनाबाई दारातून म्हणाली, "तुह्या टाकीत कोन कोन आहे रे, बापू?"

"दोन ऑस्कर आहेत, मावशी. वीतभर झाले. मस्त आहेत."

"मंग हे काय त्यायले जेवाले नेऊन राहिला?"

योगेंद्र म्हणाला, "राह्यतील ना मावशी, एकाच खानदानचे तर आहेत."

भूपेश पिशवी हातात धरून उभा होता. पिशवीत माझी पोरं एका कोपऱ्यात गोळा झाली होती. त्याने एकदा मोरीकडे पाहिलं. मग रबर काढलं आणि पिशवी टाकीवर ओतली.

"काय बे, देतो म्हनलं होतंस ना?"

"नाही देत."

पोरं घाबरून चहूकडे पांगली. मी एकेकाला गाठून तोंडात धरू लागले, दोन, तीन, मिळतील तितकी, दगडाच्या आडोशाला न्यायची म्हणून. योगेंद्रने काचेवर बोट ठेवलं आणि ओरडला, "अरे पाय, पाय, स्वतःचेच पिल्ले खाऊन राहिली हे."

"खात नाही," भूपेश म्हणाला. "घरी नेऊन राहिली."

त्या योगेंद्रला दोन शब्द मीच सुनावणार होते. पण माझं तोंड पोरांनी भरलेलं होतं.