उभं पेन

वर्गात तिला महाराणी म्हणत. कुणाशी बोलत नाही, हाक मारली तर मान जेमतेम हलवते, म्हणजे डोक्यात हवा गेलेली असणारच. तिची त्या नावाला हरकत नव्हती. तोंड उघडलं की शब्द अडकतो, हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं आणि होऊही द्यायचं नव्हतं. गर्विष्ठ माणसाला लोक नावं ठेवतात. अडखळणाऱ्याची वाक्यं पुरी करून देतात. त्यापेक्षा नावं ठेवलेली बरी.

ठाऊक होतं ते फक्त अर्थशास्त्राच्या सरांना. कॉलेजात मेंटॉर नावाची योजना आली, तेव्हा प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला काही मुलं आली. बाकीच्यांनी मुलांच्या सह्या घेतल्या आणि मार्गदर्शन उरकलं. सरांनी तिला स्टाफरूमच्या कपाटामागे खुर्ची दिली आणि तिचं वाक्य संपेपर्यंत ते गप्प बसले. प्राध्यापकाच्या मानाने हा पराक्रमच. मग वर्गातल्या प्रश्नांवर तोडही त्यांनीच काढली. बाकावर पेन उभं धरलं, तर ते तिला प्रश्न विचारणार नाहीत. आडवं ठेवलं, तर विचारतील.

"हे आपल्या दोघांतच, बेटा."

तिने विश्वास ठेवला. दोनदा तर पेन आडवंही ठेवलं, सरांनी आधी सांगून ठेवलेल्या प्रश्नाचं, घरी आईपुढे घोकलेलं एका शब्दाचं उत्तर दिलं आणि खाली बसली. आई रोज संध्याकाळी भांडी विसळता विसळता पेनाची खबर विचारायची.

मग तपासणी समिती आली. भिंतींना रंग लागला, वर्षभर मेलेल्या वॉटरकूलरमध्ये प्राण आले. 'विद्यार्थ्यांना आधार' या मथळ्याखाली आपल्याकडे फोटोंशिवाय काही नाही, अशी चिंता प्राचार्यबाईंनी सकाळीच सरांच्या कानावर घातली होती. समिती सरांच्याच तासाला मागच्या बाकावर बसली. तास संपता संपता अध्यक्षांनी विचारलं की आधार देता म्हणजे नेमकं करता काय.

सरांची नजर वर्गभर फिरली आणि तिच्या बाकावर थांबली. पेन उभं होतं.

"ही मुलगी बोलताना अडखळते," सर म्हणाले. "तिने पेन असं धरलं की मी तिला विचारत नाही. आणि वर्षभरात वर्गातल्या एकालाही मी याचा पत्ता लागू दिलेला नाही."

सगळा वर्ग वळून पाहू लागला. समितीने टाळ्या वाजवल्या. तुला कसं वाटतं, असं अध्यक्षांनी मायेनं विचारलं. तिने तोंड उघडलं. शब्द यायच्या आत पुढच्या बाकावरच्या दोघींनी सांगून टाकलं, "छान वाटतं."

महाराणीचं राज्य तिथेच खालसा झालं. ज्याने ते नाव ठेवलं होतं, तो मधल्या सुट्टीत येऊन आपला डबा तिच्यापुढे सरकवून गेला.

तिने सरांना जिन्यात गाठलं. वर समितीसोबत फोटो निघायचा होता.

"सर, तुम्ही म... म..."

सरांनी घड्याळ पाहिलं. "मदत केली, हेच ना? आभार कसले मानतेस, बेटा," म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर पेनच नव्हतं. उभंही नाही, आडवंही नाही. असं झालं तर काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं. म्हणून सरांनी जरा हसून, सोपा आहे हे सगळ्यांना दिसेल असा प्रश्न तिला विचारला आणि ते धीर देत थांबले.

ती उठली नाही. त्यांच्याकडे बघून तिने मान जेमतेम हलवली.

वाक्य पुरं करून द्यायला ते तयार होते. तिने ते सुरूच केलं नाही.