अकरा ते एक

सोपाननं दुकानाच्या फरशीपासून हात वर नेला, छातीच्या थोडा खाली थांबवला आणि म्हणाला, "एवढी आसंल."

शेजारी उभ्या असलेल्या साळुबाईनं नवऱ्याचं मनगट धरून तो हात वीतभर खाली आणला.

"एवढी न्हाई. एवढी."

"ती तवा. तीन वर्सांत पोरगी वाढत न्हाई व्हय?"

मंचरच्या बाजारपेठेतलं हे नेमीचंदशेठचं कापडाचं दुकान. काउंटरमागे शेठची सून नीलम दोन फ्रॉक हातात धरून कधी याच्या हाताकडे, कधी तिच्या हाताकडे बघत होती.

"वय सांगा ना, आजी."

"श्रावणात सातवं लागंल."

नीलमनं लहान फ्रॉक घडी करून बाजूला ठेवला. "मग हाच न्या. वाढत्या अंगाचा बरा."

नात इंद्रायणी. आदेशची मुलगी. आदेश गेला त्याला साडेचार वर्षं झाली. कावीळ पोटात उतरली आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. सून वैजयंती त्यानंतर दीड वर्ष पेठ गावी, सासरीच राहिली. मग एक दिवस तिच्या माहेरची माणसं आली, तेव्हा सोपाननंच चारचौघांत सांगितलं, की पोरीचं वय काय, तिनं दुसरं घर बघावं, आमची आडकाठी नाही. गावानं त्याचं कौतुक केलं. नात आईबरोबर जाणार, हे त्याच बैठकीत ठरून गेलं होतं. पण ते त्याच्या खऱ्या अर्थानं ध्यानात आलं, ते त्यांची गाडी फाट्यावरून पुण्याकडे वळल्यावर. पुढे वैजयंतीचं लग्न झालं, ती हडपसरला राहायला गेली. कुणी कुणाला तोडलं नाही. फोन आधी आठवड्याला यायचा, मग सणाला येऊ लागला.

आणि परवा तिचा आपणहून फोन आला होता. रविवारी एम्प्रेस गार्डनमध्ये या, पोरीला घेऊन येते. किती वेळ लागेल ते तेवढं आधी सांगा, म्हणजे घरी तसं बोलून ठेवते.

किती वेळ लागेल, याचं उत्तर सोपानला दोन दिवस सापडलं नव्हतं. फ्रॉकची पिशवी हातात घेतल्यावर त्यानं नीलमला विचारलं, "पोरी, ती पुण्याची एम्प्रेस गार्डन बघायला किती टाइम लागतो गं?"

नीलमनं मोबाइलवर बोट फिरवलं. "इंग्रजांच्या काळातली आहे, काका. जुनी झाडं आहेत खूप. लोक साधारण दीड-दोन तास थांबतात, असं लिहिलंय."

गादीवर टेकून बसलेले नेमीचंदशेठ म्हणाले, "सोपानराव, तुम्ही झाडं बघायला चाललाय का? दिवसभर म्हणून सांगा. आजी-आजोबा आहात तुम्ही."

"व्हय, दिवसभरच सांगतो," सोपान म्हणाला, आणि दुकानाच्या पायरीवर येऊन त्यानं फोन लावला. साळुबाई त्याच्या खांद्याशी उभी राहिली.

"मामा, अकरा ते एक चालेल का?" वैजयंतीनंच आधी विचारलं. "दीडला यांच्या मावशीकडे जेवायला जायचंय."

सोपाननं पायरीवरचा खडा चपलेनं खाली ढकलला.

"चालंल की. लई झालं."

पेठला परतताना साळुबाई एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "दिवसभर म्हणायचं ठरलं व्हतं."

"तोंडातनं आलंच न्हाई."

त्या संध्याकाळी दोघांनी ते दोन तास पडवीत बसून वाटून घेतले. पहिली पंधरा मिनिटं पोर बुजेल, ती सोडून द्यायची. मग खाणं. साळुबाई म्हणाली, खाण्याला अर्धा तास धरा, ती लई हळू खाते. सोपान म्हणाला, तेव्हा खायची, आता कशी खाते कुणाला ठाऊक. तरी अर्धा तास धरला. मग पाळणे, घसरगुंडी. मग झाडं. शेवटची वीस मिनिटं साळुबाईनं मागून घेतली.

"त्यात काय करणार?"

"काय न्हाई. मांडीवर घेऊन बसणार."

रविवारी चाकणला गाड्या तुंबतील या भीतीनं त्यांनी पहाटेचीच एसटी धरली. नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला. बागेचं फाटक उघडलं तेव्हा आत शिरणारी पहिली माणसं हीच दोघं होती. अजून दीड तास हाताशी होता. सोपाननं सगळी बाग फिरून घेतली. मनगटाएवढ्या जाड वेली झाडांवरून खाली लोंबत होत्या. एवढाली झाडं त्यानं भीमाशंकरच्या रानातही क्वचितच पाहिली होती. फाटक समोर दिसेल अशी एका झाडाखालची जागा त्यानं निवडली, तिथून पाळण्यांपर्यंत चालून पाहिलं आणि घड्याळ बघितलं. चार मिनिटं. लहान पावलांना सहा धरावीत. साळुबाईनं सतरंजी अंथरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि नंतर, पोरीला टोचतील म्हणून, ते काढून टाकले.

अकराला पाच मिनिटं असताना वैजयंती आली. तिचा नवरा फाटकापाशी गाडीजवळच थांबला. त्यानं लांबून दोन्ही हात जोडले. सोपाननंही जोडले. माणूस चांगला दिसत होता. वाईट असता तर रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

पोर सोपाननं दाखवली होती त्याहूनही उंच निघाली.

"इंदू, हे आजी-आजोबा. पाया पड," वैजयंती म्हणाली.

पोरीनं वाकून नमस्कार केला. साळुबाईनं तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तो कडकड आवाज ऐकून पोर दचकली आणि आईकडे सरकली.

"मी त्या बाकावर बसते, आत्या," वैजयंती म्हणाली. "तुमचं होऊ द्या निवांत." ती लांबच्या बाकावर जाऊन पाठ करून बसली. आपण मधे नको, असा तिचा चांगला विचार होता. पण पोरीची नजर त्या पाठीवरच राहिली.

फ्रॉक अंगाला लावून पाहिला. आखूड होता. "छान आहे, थँक्यू," पोर म्हणाली आणि नीट घडी करून पिशवीत ठेवला. धपाट्याचे दोन घास खाऊन तिनं पाणी मागितलं. तिखट लागलं होतं. साळुबाईनं घाईघाईनं गुळाची वडी पुढे केली. पोरीनं ती हातात धरून ठेवली.

"शाळंत जाती का?" सोपाननं विचारलं.

"हो."

"कितवीत?"

"पहिलीत."

"बाई मारत्यात का?"

"नाही." मग पोरीनं विचारलं, "तुम्ही मम्माचे कोण आहात?"

साळुबाई म्हणाली, "आमी तुज्या पप्पांचे आई-बाप, माजी माय."

पोरीनं विचार केला. तिचा चेहरा अगदी सरळ होता. "पण पप्पांची आई तर आमच्या घरी असते."

सोपाननं सतरंजीवरची एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करायला लागला. बरेच तुकडे झाले. साळुबाई म्हणाली, "व्हय, ती बी आजीच. मी गावाकडची."

"अच्छा," पोर म्हणाली.

पाळण्यापर्यंत पोहोचायला तीन मिनिटं लागली. ती पुढे पुढे चालत होती. पाळण्यावर सोपान मागून झोका देत राहिला. जोरात द्यावा की हळू, हे त्याला कळेना, म्हणून विचारत राहिला आणि ती "चालेल" म्हणत राहिली. घसरगुंडीवर ती दोनदा गेली. मग त्यानं तिला जाड वेल दाखवली, बुंध्याला कवटाळायला लावलं, इथं झाडात पोपट असतात म्हणून वर बघायला लावलं. पोपट दिसले नाहीत. ती मान वर करून बराच वेळ उभी राहिली, कारण त्यानं सांगितलं होतं.

घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं होती. ठरवलेलं सगळं करून झालं होतं.

"अजून किती वेळ आहे?" पोरीनं विचारलं.

"कशाला गं, बाळा?"

"असंच."

असंच म्हणताना तिनं बाकाकडे बघितलं, आणि सोपाननं ते बघितलं. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गावाकडची गाय, विहिरीवरचं नवं इंजिन, चाळीत साठवलेला कांदा, यातलं काहीच त्या पोरीपर्यंत नेता येईना.

सतरंजीवर परत आल्यावर साळुबाईनं मांडी घातली आणि हात पुढे केले. पोर आज्ञाधारकपणे येऊन मांडीवर बसली. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. दवाखान्याच्या बाकावर बसावं तशी. साळुबाईनं तिच्या केसांना एकदाच हात लावला. मग तिनं पोरीला अलगद उठवलं, स्वतः गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि बाकाच्या दिशेनं हाक मारली.

"वैजयंते! घेऊन जा गं पोरीला. जेवायला उशीर व्हईल तुमाला."

वैजयंती उठून आली. "अजून तास आहे, आत्या. मी घाई नाही करत."

"न्हाई, न्हाई. आमालाबी गाडी धरायचीय."

सोपाननं मान झटकन वर केली. त्यांची एसटी तर दुपारी उशिराची होती. तसं सांगायला त्याचे ओठ हलले, पण साळुबाई त्याच्याकडे बघत नव्हती.

वैजयंती क्षणभर सासूकडे बघत उभी राहिली, मग वाकून दोघांच्या पाया पडली. "पुन्हा आणीन," ती म्हणाली. पोरीनं हात हलवून बाय केलं आणि फाटकाकडे पळाली. तिला एवढं जोरात पळता येतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

गाडी गेल्यावर सोपान म्हणाला, "कसली गाडी धरायची व्हती गं तुला? तासभर व्हता हातात."

तो सतरंजीचं टोक उचलून झटकायला लागला, तशी साळुबाईनं ती पायानं दाबून धरली.

"राहू द्या. बसा."

"आता कशाला?"

"एक वाजंपातूर आपलाच टाइम हाय."

सोपान बसला. फाटकातून आता माणसं येऊ लागली होती; कुणी डबे घेऊन, कुणी पोरं कडेवर घेऊन. प्रत्येक वेळी दोघांनीही मान वर करून बघितलं.