शून्य रेखेवरचा ठिपका

या नकाशाचं काम माझ्यानंतर जो कोणी हाती घेईल, त्याच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. मांडणी सोपी आहे, उगाच धास्ती घेऊ नकोस. घानातल्या टेमाच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीत काठाच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या बरणीत बंद करून, एक छोटं यंत्र बांधलेलं आहे. ते उपग्रहांवरून आपली जागा ओळखतं आणि फोनच्या टप्प्यात आलं की आपल्याकडे कळवतं, आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला माझा प्रोग्राम त्या जागी एक निळा ठिपका काढतो. घरोघरच्या बायका फोनवर नकाशा उघडून आपापल्या माणसाचा ठिपका बघतात आणि मगच मासळीला धुरी द्यायच्या भट्ट्या पेटवतात. काम एवढंच, पण ते चुकलं तर कुणाच्या तरी घशाखाली घास उतरत नाही.

दुरुस्त्या मंगळवारी करायच्या. मंगळवार समुद्राचा, त्या दिवशी इथं कुणीही होडी पाण्यात लोटत नाही. सगळे ठिपके वाळूवर एका ओळीत स्वस्थ बसलेले असतात, त्यामुळे काही बिघडलं तर लगेच नजरेस येतं.

आता शून्याबद्दल. जावास्क्रिप्ट या भाषेची एक खोड आहे: समोर शून्य आलं की ती 'इथं काहीच नाही' असं धरून चालते. जगात इतर ठिकाणी याचं फारसं अडत नाही, पण शून्य रेखांशाची रेषा आमच्या गावातून जाते, आणि गावातून म्हणजे थेट आमच्या अंगणातून. लहानपणी वडिलांनी खडूनं ती आखून दिली होती. मी आणि माझा धाकटा भाऊ ओडोई तिच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना पूर्वेचं माकड, पश्चिमेची घूस म्हणत असू. नकाशा सुरू झाला त्याच आठवड्यात तो तणतणत घरी आला.

"ताई, मी रेषा ओलांडतो तेवढ्यात गायब का होतो? आमेर्लीनं सगळा मोहल्ला गोळा केला होता! म्हणे, हे बुडाले!"

"तुझा रेखांश शून्य झाला की मशीनला वाटतं तू नाहीसच."

"वा! शिकलेली बहीण असावी तर अशी. जिवंतपणीच भावाला पुसून टाकते."

त्याची बायको आमेर्ली दारात उभी राहून हसत होती, पण तिचे डोळे रडून सुजलेले होते. मी चूक लगेच सुधारली. नुसता रेखांश शून्य असेल तर ठिपका ठेवायचा. अक्षांश आणि रेखांश दोन्ही अगदी शून्य असतील तरच गाळायचा. दोन्ही शून्य याचा अर्थ यंत्राला आकाश दिसत नाही. 'मी आहे, पण कुठे ते ठाऊक नाही' असं ते सांगतं, आणि नकाशा भाबडेपणानं ठिपका काढतो तिथं, जिथं शून्य रेखा विषुववृत्ताला छेदते. ती जागा आमच्या अंगणाच्या नाकासमोर दक्षिणेला सहाशेहून जास्त किलोमीटरवर भर समुद्रात आहे. तिथं काही नाही. नुसतं पाणी.

हरमटान वाऱ्याच्या धुळीनं सूर्यही पांढरा झाला होता, त्या दिवसांत ओडोई गळाची लहान होडी घेऊन एकटाच गेला आणि परतला नाही. होडीवर त्यानं स्वतःच्या हातानं नाव रंगवलं होतं, 'घाई नाही'. दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांवरून माणसं शोधायला गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. मी मात्र नकाशापुढून उठले नाही. दोन्ही शून्यं गाळणारी प्रोग्राममधली ती ओळ मी काढून टाकली, कारण मला त्याच्याकडून येणारं सगळं हवं होतं, अर्थ नसलेलंसुद्धा. ओळ निघाल्याबरोबर समुद्राच्या त्या जागी त्याचा ठिपका उमटला. शून्य, शून्य. मी आमेर्लीला मिठी मारली. निरोप येतोय म्हणजे बरणी फोनच्या टप्प्यात आहे, किनाऱ्याजवळच कुठेतरी आहे, असं मी तिला समजावलं, आणि ते मला खरंच वाटत होतं.

पुढच्या मंगळवारी बाकीचे ठिपके वाळूवर बसले असताना हा एक हलला. रेखांश शून्यच राहिला. अक्षांश किंचित वाढला.

बिघडलेलं यंत्र असं वागत नाही. ते भरकटतं, उड्या मारतं, कधी जमिनीवर जाऊन बसतं. हा ठिपका रेषेवरून जराही न ढळता उत्तरेकडे आला, संध्याकाळी थांबला आणि बुधवारी सगळ्या होड्या निघाल्या तेव्हा जागेवरच राहिला. त्यानंतर दर मंगळवारी तेच. तिथून फोनचा निरोप येणं शक्य नव्हतं. तो येतो कसा, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारत राहिले आणि मग विचारायचं सोडून दिलं. कुणाला दाखवायचं तर आधी आमेर्लीला दाखवावं लागलं असतं, आणि काय येतंय हे मलाच कळत नव्हतं.

पाऊस जवळ आला तेव्हा कोळ्यांचे प्रमुख लारिया घरी आले. सणाआधी ढोल बंद होतात, मग कुणाचं दुःखाचं कार्य करता येत नाही, म्हणून ते त्याआधी उरकावं असं त्यांचं म्हणणं होतं.

"देह सापडलेला नाही," मी म्हणाले.

"सापडणारही नाही, पोरी. त्या मुलीकडे बघ. ना सवाष्ण, ना विधवा. किती दिवस तिला टांगून ठेवणार आहेस?"

ते गेल्यावर आमेर्ली भट्टीतली राख ओढायला बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही त्या नकाशात काहीतरी बघता आणि मला सांगत नाही. मला कळतं. चांगलं असतं तर सांगितलं असतंत."

"आमेर्ली, अगं..."

"नका सांगू. पुसून टाका. मी रोज दोन माणसांचं शिजवते आणि एकाचं कोंबड्यांना घालते. माझ्यानं आता होत नाही हो."

मला तिच्यापुढे फार लाज वाटली. मी त्याच दिवशी ती ओळ पुन्हा घातली, तिच्यादेखत, आणि तिनं आपल्या फोनवरून नकाशा कायमचा काढून टाकला. कार्य झालं. तिनं शोकाची काळी-तांबडी वस्त्रं नेसली आणि कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली, शांत झोपली.

पण ती ओळ दोन्ही शून्य असलेल्यालाच गाळते, आणि ओडोई शून्यापासून कधीच पुढं निघाला होता.

ठिपका येत राहिला. त्याला पुसणारी आणखी एक ओळ लिहिणं माझ्या हातचा मळ होता, पण लिहायला बसले की वाटे, आपला पोरगा एवढ्या लांबून एकटा येतोय आणि मी दार लावून घेते आहे. एका मंगळवारी तो किनाऱ्यापासून इतका जवळ होता की मी बाहेर जाऊन पाण्याकडे बघून आले. पाणी मोकळं होतं. परत येऊन पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर मी बोट ठेवलं आणि इथल्या बायका आजारी लेकराच्या उशाशी बसून म्हणतात तसं म्हणाले, "माझं आयुष्य तुला लागू दे, पण ये."

पुढचा मंगळवार लख्ख उन्हाचा होता. मी अंगणात रेषेवरच स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. आमेर्ली चुलीशी आंबवलेल्या मक्याच्या पिठाचं बांकू घोटत होती. ठिपका वाळूवर चढला, होड्यांच्या रांगेतून वाट काढत मासळीबाजार ओलांडून आमच्या बोळात शिरला. त्याची चाल माणसाची होती, थकलेल्या माणसाची. मग तो अंगणात आला आणि माझ्यासमोर थांबला. मी मान वर केली. समोर कुणीच नव्हतं.

आमेर्लीचा हात थांबला. ती माझ्या दिशेनं बघत होती, पण माझ्याकडे नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नाच्या वर्षी ती जशी दिसायची तशी दिसत होती.

"आलात?" ती म्हणाली. "हात धुऊन घ्या."

नकाशाच्या कोपऱ्यात 'मी कुठे आहे' असं एक बटण आहे. धुक्यात वाट चुकणाऱ्यांसाठी मी ते ठेवलं होतं, स्वतः कधी वापरलं नव्हतं. माझ्या बोटांनी ते का दाबलं, मला सांगता येणार नाही. नकाशा सरकू लागला. अंगण, बाजार, किनारा एकामागून एक वरच्या कडेला निघून गेले, मग नुसता निळा रंग बराच वेळ सरकत राहिला आणि शेवटी शून्य, शून्यवर येऊन थांबला. मधोमध माझा ठिपका असायला हवा होता. तिथं काहीच नव्हतं. माझ्याच ओळीनं तो गाळला होता.

"ताई आत्ता इथंच बसल्या होत्या," आमेर्ली कुणाला तरी सांगत होती. "कुठं गेल्या काय माहीत. येतील. तुम्ही जेवून घ्या."

तर बाकीचं काम तुझ्या सोयीनं कर. तेवढी एक ओळ मात्र आल्या आल्या काढ. मला इथून लिहिता येतं, पण पुसता येत नाही. ती ओळ निघाली तेव्हाच ओडोई दिसला आणि हलायला लागला, हे लक्षात ठेव. मग मंगळवारी, होड्या वाळूवर असताना, नकाशा सरळ दक्षिणेकडे ओढत ने. जे दिसेल त्याच्याशी बोलू नकोस, त्याला काही देऊ करू नकोस. नुसतं बघ. मी अजून जागची हललेली नाही.