किंकाळीताईंचं दार

सिनेमातल्या कुठल्याही बंगल्यात एखादी बाई कोंडली गेली, की किंचाळायचं ताईंनी. पडद्यावर तोंड उघडायची कोणी सुंदर मुलगी, आवाज निघायचा ताईंच्या घशातून. तीस वर्षं हेच काम. स्टुडिओत सगळे त्यांना किंकाळीताई म्हणायचे आणि ताईंना त्याचं काही वाटत नसे. तोंडावर म्हणतात, पाठीमागे तर नाही ना!

सराव घरीच, अडगळीच्या खोलीत. तिथे खिडकी नाही, भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, म्हणजे आवाज जरा दबायचा. तरी शेजारच्या मास्तरांना ऐकू जायचाच. सुरुवातीला बिचारे दोनदा काठी घेऊन धावत आले होते. मग सवय झाली.

त्या दिवशी सकाळी नव्या सिनेमाची पानं घेऊन ताई खोलीत शिरल्या आणि दार लोटलं. गोष्ट नेहमीचीच. भलामोठा बंगला, मालकीण एकटी, नातेवाईक तिला वेडी ठरवून कोंडून ठेवतात. ती किंचाळते, मग नायक येऊन दार फोडतो. "दर वेळी तोच मेला कडमडतो," ताई पुटपुटल्या. दोन किंकाळ्या मारल्या, पाणी प्यायला उठल्या, दाराची मूठ फिरवली, तर ती हातातच आली.

दार काही हलेना. मोबाइल स्वयंपाकघरात. आणि बाराला मुलगा येणार होता, तोही घरं विकून देणाऱ्या एजंटाला घेऊन.

"आई, हे घर तुला आता झेपत नाही. कुठे अडकलीस-बिडकलीस तर कोणाला पत्ता लागणार नाही." महिनाभर त्याचं हेच टुमणं. शेवटी ताईंनी वैतागून शब्द दिला होता, "ज्या दिवशी या घरात माझं मला निभावणार नाही, त्या दिवशी मुकाट्याने सही करीन." आणि तो दिवस इतक्या लवकर उगवावा?

ताई घाबरल्या. अगदी खऱ्याखुऱ्या घाबरल्या. काही न ठरवता तोंडातून किंकाळी फुटली. तीस वर्षांत अशी एकही निघाली नव्हती.

भिंतीपलीकडून मास्तर ओरडले, "वा ताई! आजची झकास हो! अंगावर काटा आला!"

ताई मटकन खाली बसल्या. आधी रडू आलं, मग त्याच रडण्यातून हसू. 'मास्तर, खरंच अडकलेय' एवढं म्हटलं असतं, तर म्हातारा धावत आला असता. पण मास्तरांच्या पोटात काही राहत नाही. मुलगा चपला काढायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं. "नाही हाक मारायची," ताई स्वतःलाच म्हणाल्या. "मी इतकी वर्षं ज्या बायकांसाठी किंचाळले, त्यांतल्या एकीनेही कधी बिजागरीकडे बघितलं नाही. मी बघते."

बिजागऱ्या आतल्या बाजूलाच होत्या, तीन. कोपऱ्यात शिवणाचं जुनं मशीन. त्याच्या खणात तेलाची बुधली आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर. हातोडीच्या जागी बंद पडलेली इस्त्री. ताईंनी बिजागऱ्यांना तेल पाजलं, खिळीखाली स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं आणि इस्त्रीने ठोकायला सुरुवात केली. खालची खीळ वर आली. मधलीनेही फार नखरे केले नाहीत. वरची मात्र रंगाचे चार थर अंगावर घेऊन हटून बसली. ताई ट्रंकेवर चढल्या. दोनदा इस्त्री बोटांवर बसली, बोटं सोलली. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

बाहेरच्या दाराचं कुलूप वाजलं.

"आई? कुठे आहेस?"

बाहेरची मूठ शाबूत होती. एक हाक मारली असती, तर त्याने सहज दार उघडलं असतं. हाक ओठांपर्यंत आली होती. ताईंनी ती गिळली.

"अहो, सराव चाललाय तुमच्या आईचा," अंगणातून मास्तर सांगत होते. "मध्ये जाऊ नका, चिडतात!"

देव भलं करो या माणसाचं. ताईंनी दात-ओठ खाऊन शेवटचे चार घाव घातले आणि खीळ टणकन खाली पडली. खाली उतरून त्यांनी फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून दार आत ओढलं, अंगावर तोललं आणि जमिनीवर आडवं केलं.

समोर मुलगा, त्याच्यामागे फाइल छातीशी धरलेला एजंट.

"दार का काढलंस?"

"अडकत होतं."

मुलाने जमिनीवरची मूठ पाहिली. मग आईची बोटं. "आई, तू आत अडकली होतीस."

"होते," ताई म्हणाल्या. "आता आहे का?"

एजंटाने हळूच विचारलं, "खोल्या बघू का?"

"चहा पिऊन जा. खोल्या विकायच्या नाहीत," ताईंनी सांगितलं आणि मुलाकडे वळल्या. "धर तिकडून. हे बाहेर ठेवू. दोन वाजता मला रेकॉर्डिंग आहे."

मुलाने वाकून दाराची एक बाजू उचलली आणि तो जागीच थांबला.

"केवढं जड आहे गं हे!"

"आहे खरं," ताई म्हणाल्या आणि दुसरी बाजू उचलली.